सुदामच्या गुडघ्याबद्दल

"मोठ्या सामन्यात त्यो पाय राखून खेळतो," बबनकाका म्हणाले, आणि ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणीच त्यांना अडवलं नाही. मी खिडकीच्या आत सूप घेऊन गव्हातले खडे वेचत होते. एरवी हे वाक्य मला ऐकूही आलं नसतं. आमची पिठाची गिरणी घराला लागूनच होती आणि ती चालू असली की पट्ट्याच्या फटफटीत माणसं एकमेकांशी भांडल्यासारखी बोलत. पण त्या दिवशी गिरणी बंद होती. नाना, म्हणजे माझे वडील, आत बसून जात्याच्या दगडाला टाकी लावत होते. बबनकाकांचं बोलणं झालं तशी टाकीची टकटक थांबली. मला वाटलं, आता नाना बाहेर येऊन त्यांना झापतील. पण टकटक पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जरा जोरात. ते थांबणं मला तेव्हा कळलं नाही. माझ्या लक्षात राहिलं ते फक्त वाक्य, आणि त्या वाक्याचं मी जे केलं, ते सांगायला मला इतकी वर्षं लागली.

शिनोलीतली कबड्डी म्हणजे आमचं घोडकाठ क्रीडा मंडळ, आणि मंडळाची कचेरी म्हणजे आमच्या गिरणीचा ओटा. नाना मंडळाचे चिटणीस होते. गोल शिक्का आमच्या देवळीत, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी असायचा. दळण टाकायला आलेला माणूस दळण होईपर्यंत ओट्यावर बसायचा आणि मागच्या सामन्याचा निकाल लावायचा. कुणाची पकड ढिली पडली, कुणाला बसवायला हवं होतं, कोणत्या गावचा कोणता खेळाडू आपल्याकडे आणता येईल. त्यात सगळ्यात वरचा आवाज बबनकाकांचा. त्यांचं सायकलचं दुकान समोरच होतं आणि पंक्चर काढतानाही त्यांचं समालोचन चालायचं. "आपला डावा कोपरा बघा राव, पाहुण्याला चहा विचारावा तसा चढाईवाल्याला विचारतोय, येऊ का, पकडू का!" बाजरीच्या पिठाचा गरम वास, पट्ट्याचा आवाज आणि ही बोलणी, यांतच मी मोठी झाले. अजूनही कुठे गिरणीवरून जाताना मला आधी कबड्डी आठवते, मग भाकरी.

मी मात्र मंचरच्या इंग्रजी शाळेत जायचे. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी यायचं. घरात मला कुणी खोलीबाहेर बोलताना फारसं ऐकलं नव्हतं, आणि शाळेत मी गिरणीबद्दल बोलले नव्हते. एकदा नाना शाळेच्या खेळांच्या दिवशी आले. कानांच्या केसांवर पीठ, खांद्यावर टॉवेल. मुलींची खो-खोची मॅच चालली होती आणि नाना दोरीबाहेरून ओरडत होते, "घोटा धर, घोटा!" माझ्या वर्गातल्या मुली हसून हसून वाकल्या. कोण आहेत ते, असं एकीने मला विचारलं. मी म्हणाले, आमच्या गावचे आहेत. खोटं नव्हतं ते. खरं वाक्य बोलूनही माणसाला कसं पुसून टाकता येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जमलं. नानांनी ते ऐकलं की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. परतीच्या एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि वाटेत भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, एवढं आठवतं.

तरी कबड्डी माझ्यात होतीच. भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी आमच्या सातही जणांचा हिशेब ठेवायचे. कोण कुठल्या बाजूने चढाई करतो, कितव्या चढाईला दमतो, कुठल्या पकडीत सापडतो. सामना बघायला बायका-मुली मैदानाशी बसत नसत. आम्ही मैदानालगतच्या गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात उभ्या राहायचो. तिथून सगळं दिसायचं, पण ऐकू काही यायचं नाही. वहीत मी इंग्रजीत लिहायचे, म्हणजे घरात ती कुणाला वाचता येऊ नये. माझी मतं कडक होती. गोरखला मंडळाने जाऊ द्यायला नको होतं, असं मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. गोरख हा आमचा उजवा कोपरा. मढच्या मंडळाने त्याला जीपवर चालक म्हणून बोलावलं आणि तो तिकडे खेळायला लागला. तेव्हापासून आमची उजवी बाजू उघडी पडली होती. हे मी ओट्यावरच्या सगळ्यांआधी लिहिलं होतं, पण ओट्यावर माझं मत कोण विचारणार?

गोरख आणि सुदाम दोघे डिंभ्याचे, लहानपणापासूनचे दोस्त. दोघांनाही नानांनीच आणलं होतं, पायात बूट आणि सामन्याच्या दिवशी आमच्या घरी जेवण, एवढ्या बोलीवर. सुदामच्या घरी धरणात जाळी टाकायचे. तो यायचा तेव्हा त्याच्या पिशवीत कधी मासे असायचे, ते तो आईच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "काकी, ह्ये घ्या, पण आज मला तुमची मासवडीच पायजे." आई हसायची. मासवडीत मासा नसतो हे माहीत असूनही तो दर वेळी ती उलगडून आत डोकावायचा आणि तोंड पाडायचा. सामन्याच्या आदल्या दिवशी शेंगोळी व्हायची, हुलग्याच्या पिठाची, लसूण सढळ. सुदाम पाटावर मांडी घालून जेवायचा, फुंकर मारत, नाक ओढत. मी त्याला काय समजत होते, ते मी इथेही लिहिणार नाही. तो मला ताई म्हणायचा, मी त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असून.

एकदा जेवताना त्याने माझी वही उचलली. "ह्ये काय वं ताई, इंग्रजीत कबड्डी?" त्याने पानं उलटली. "ह्यात माझं नाव कुठंय?" त्याचं नाव प्रत्येक पानावर होतं. मी म्हणाले, नाही. तो ओट्याकडे तोंड करून ओरडला, "नाना, ताईच्या टीममध्ये बी जागा न्हाई मला! आता कुठं जाऊ?" ओटाभर हशा पिकला. बबनकाका म्हणाले, "डोंबल्या, आधी एबीशीडी शिक, मग घेईल ती." माझे कान तापले. किती साधी थट्टा होती ती! पण मी त्यानंतर कित्येक दिवस त्याला पाणी द्यायला बाहेर आले नाही.

त्याच वर्षी मढविरुद्ध खेळताना सुदामचा डावा गुडघा मुरगळला. त्याला धरलं होतं गोरखनेच, घोट्यात. खेळातलं धरणं होतं. सामना संपल्यावर गोरखनेच त्याला जीपमधून दवाखान्यात नेलं. महिन्याभराने सुदाम परत उभा राहिला. पण डाव्या पायावर जोर देऊन उजवीकडे वळणं तो टाळायला लागला. हे माझ्या वहीत आहे आणि हे खरं आहे. मग घोडेगावच्या स्पर्धेतला उपांत्य सामना. आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. शेवटच्या काही मिनिटांत सुदाम चढाईला जायचा, निदान रेषा, म्हणजे चढाईवाल्याला ओलांडावीच लागते ती, तेवढी ओलांडायचा आणि कुणालाही न भिडता परत यायचा. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांनी आमचे तीन गडी टिपले आणि आम्ही एका गुणाने हरलो. बबनकाकांचं ते वाक्य या सामन्यानंतरच्या सकाळचं.

दहावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते तेव्हा शांतीशेठ एक कागद घेऊन आले. त्यांचं किराण्याचं दुकान होतं, मंडळाच्या बनियन तेच द्यायचे. त्यांच्या ओळखीतून पुण्याकडच्या एका कंपनीने सुदामला चाचणीला बोलावलं होतं. कंपनीचा स्वतःचा कबड्डीचा संघ होता आणि संघात घेतलं तर कायमची नोकरी. फक्त मंडळाचं पत्र हवं होतं, इंग्रजीत. खेळाडू किती वर्षं खेळतो, कसा खेळतो, दुखापत आहे का, मंडळाचा अभिप्राय काय.

ओट्यावर दोन तट पडले. बबनकाका म्हणाले, "त्यो गेला तर आपलं मंडळ म्हंजी नुसता देखावा. आधी गोरख गेला, आता ह्यो." नाना म्हणाले, "पोराचं नशीब उघडतंय, आन् तू मंडळाचं रडतो? सुदाम जाणार." बबनकाकांनीच मग गिरणीतला स्टूल पुसून माझ्यासमोर ठेवला. "बस ताई. आज तू आमची साहेब."

नाना सांगत होते, मी लिहीत होते. "लिही, असा चढाईवाला अख्ख्या तालुक्यात न्हाई. लिही, वागणुकीला लई चांगला, बिडीकाडी न्हाई. लिही, गुडघा एकदम ठणठणीत." सुदाम दाराशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखा. मी पहिल्या दोन गोष्टी लिहिल्या. तिसऱ्या गोष्टीपाशी माझा हात थांबला. मग मी जे लिहिलं त्याचा मराठी अर्थ असा होता: डाव्या गुडघ्याच्या दुखापतीनंतर हा खेळाडू उजवीकडे वळणं टाळतो, आणि मोठ्या सामन्यात तो पाय राखून खेळतो.

का लिहिलं? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की खोटं लिहिणं वाईट. शाळेत तसं शिकवलं होतं. पण मी प्रामाणिक होते असं म्हणायचं धाडस आता मला होत नाही. मला तो जायला नको होता. मला त्या हशाची भरपाई हवी होती. आणि याहून लाजिरवाणं म्हणजे, ते वाक्य इंग्रजीत फार चांगलं जमलं होतं. माझ्या मतांना पहिल्यांदाच कुणीतरी साहेब वाचणार होता. वाक्याचा अर्धा भाग तर माझाही नव्हता, बबनकाकांचा होता.

"आता वाचून दाखव," नाना म्हणाले.

हे मला अपेक्षित नव्हतं. मी उभी राहिले आणि वाचलं. सगळं वाचलं, ते वाक्यसुद्धा, शाळेत धडा वाचतात तसं, थांबत, उच्चार सांभाळत. शांतीशेठना इंग्रजी खोक्यांवरची नावं वाचण्यापुरतं यायचं. त्यांनी चष्मा लावून मान डोलावली. दळणाला आलेल्या दोन बाया पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. सुदामने हात जोडले होते. त्याच्या गुडघ्याबद्दलचं वाक्य मी त्याच्याकडे न बघता वाचलं, आणि ते संपताच बबनकाका म्हणाले, "काय फाडफाड वाचती राव! ह्ये ऐकूनच नोकरी देत्याल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी शिक्का मारला, पिठाचं बोट कागदाला लागू नये म्हणून मनगट उचलून धरत. सुदामने पत्र कपाळाला लावलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि खिशात ठेवलं. "ताई, लई उपकार झालं," तो म्हणाला. आईने त्याला डब्यात मासवडी बांधून दिली.

नव्या पानावर पुन्हा लिहायला मला दहा मिनिटं लागली असती. तो एसटीची वाट बघत फाट्यावर अर्धा तास उभा होता. मला आमच्या खिडकीतून तो दिसत होता.

दोन दिवसांनी तो परत आला. गिरणी चालू होती, त्यामुळे तो काय म्हणतो ते आधी कळलंच नाही. नानांनी पट्टा उतरवला. "साहेबांनी पत्र वाचलं," सुदाम म्हणाला, "आन् माझ्या पायाकडं बघितलं. मंग मला चढाईत उजवीकडंच वळायला लावलं. परत परत. सहाव्या बारीला गुडघा सरकला." तो ओट्यावर बसला. "पत्र तर एवढं भारी व्हतं नाना. पण त्यांना गुडघ्याचं कळलं कसं?"

बबनकाकांना क्षणही लागला नाही. "गोरख्या. दुसरं कोण? त्यानंच मोडला, त्यानंच सांगितलं. मढवाल्यांच्या जीपा रोज पुण्याला जात्यात." सुदाम नाही म्हणाला, आणि मग त्याने मान खाली घातली. तेव्हा मी दारात उभी होते, हातात त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या. मला बोलायला तोंड होतं. मी तांब्या ठेवला आणि आत गेले.

त्या दुपारी नाना जेवता जेवता आईला म्हणाले, "घोडेगावला मीच टॉवेल डोक्यावर टाकला व्हता. पुढं हाय, येळ काढ म्हणून. पोरगं माझ्या शब्दाबाहेर गेलं न्हाई. आन् ह्यो बबन म्हणतो पाय राखला. तवाच बोलायला पायजे व्हतं मी. लाज वाटली, हरवलं म्हणून." खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेणं ही आमच्या मंडळाची खूण होती, हे मला तोवर माहीतच नव्हतं. घोडेगावलाही आम्ही तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात होतो, आणि तिथून मी तो टॉवेल पाहिला होता. मला वाटलं होतं, ऊन लागतंय त्यांना. नाना आपली लाज आईला सांगत होते आणि मी त्यांच्या समोर बसून भाकरीचे तुकडे करत होते. माझी मी सांगितली नाही. वही मात्र दुसऱ्या दिवशी चुलीत घातली, जणू पुरावा तिच्यात होता.

पुढच्या जत्रेत गोरख मढच्या संघाकडून खेळायला आला तेव्हा आमच्या लोकांनी त्याच्या प्रत्येक पकडीला हुर्यो उडवली. "खबऱ्या! पुण्याला फोन लाव!" हे शब्द मला नंतर ओट्यावरून कळले. गोरख आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग तो सुदामच्या हातात हात द्यायला गेला आणि सुदाम पाठ फिरवून बुटाची नाडी बांधत बसला. ती बांधलेलीच होती. व्हरांड्यातून ऐकू येत नसलं तरी हे मला स्पष्ट दिसलं.

मी पुण्याला शिकायला गेले, तिथेच नोकरीला लागले. इंग्रजीत पत्रं लिहिण्याचीच नोकरी. सुदाम भीमाशंकरच्या रस्त्यावर जीप चालवायला लागला, गुडघ्याला पट्टा बांधून. मंडळ नवीन पोरांचं झालं. पण ओटा तोच होता आणि त्याच्यावरची मतंही तीच. मी सुट्टीला आले की ऐकायचे: आपला चांगला काळ गोरख्याने संपवला. ही गोष्ट आता इतकी पक्की झाली होती की तिच्यात नवीन तपशीलही यायला लागले होते. कुणीतरी गोरखला पुण्यात त्या कंपनीच्या फाटकाशी पाहिलंही होतं म्हणे. दर वेळी मी ठरवायचे, आणि दर वेळी परतीची एसटी पकडायचे.

मग एका उन्हाळ्यात मी घरी असताना गोरख आला. केस मागे गेलेले, हातात पत्रिकांची पिशवी. डिंभ्याला त्याने घर बांधलं होतं आणि वास्तुशांतीचं बोलावणं करत फिरत होता. गिरणी जोरात चालू होती. ओट्यावर बबनकाका होते, शांतीशेठ होते, आणि जीप उभी करून सुदामही दळण न्यायला आलेला. गोरखने नानांच्या पिठाळ पायांना हात लावला. "नाना, पहिली पकड तुमी शिकवली. तुमच्याबिगर घरात पाय न्हाई ठेवणार मी." मग त्याने अक्षता लावलेली पत्रिका सुदामपुढे धरली. "सुदाम, आईनं खास सांगितलंय. तिला सारखी तुझीच आठवण."

सुदामने पत्रिकेकडे पाहिलं, घेतली नाही. बबनकाका पट्ट्याच्या आवाजावर ओरडले, "पत्रिका इंग्रजीत न्हाई ना रं? न्हाईतर हीबी खबर पुण्याच्या साहेबाला धाडशील!" दोघे-तिघे हसले. गोरखचा पुढे केलेला हात तसाच राहिला. त्याला उत्तर देता आलं असतं, पण इतक्या वर्षांनी कोणता आरोप आहे हे तरी त्याला कुणी नीट सांगितलं होतं का? सुदामने पिठाचा डबा उचलला आणि जीपकडे वळला, डावा पाय जरा ओढत.

मी दारात होते. मी बोलायला सुरुवात केली, ती गिरणी चालू आहे म्हणूनच केली, हेही कबूल करायला हवं. त्या आवाजात माझा आवाज कुणालाच जाणार नाही, आणि मी बोलले एवढं माझ्यापुरतं होईल, असा माझा हिशेब होता. "सुदामदादा," मी म्हणाले. आणि तेवढ्यात वीज गेली. त्या वर्षांत ती रोजच जायची. पट्टा दोन-तीन झटके घेऊन थांबला, जातं घरघरत शांत झालं, आणि ओट्यावरची सगळी माणसं माझ्याकडे वळली. नानाही वळले, पापण्यांवर पीठ घेऊन. सुदाम डबा धरून जीपपाशी थांबला होता.

"गोरखदादाने कुणाला काही सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "गुडघ्याचं मी लिहिलं होतं, त्या पत्रात. आणि इथेच उभं राहून तुम्हा सगळ्यांना वाचूनही दाखवलं होतं."